आम्ही पावसात का उभे राहतो

मित्रांनो, मी घोडा आहे. हे आधीच सांगून टाकतो, कारण मला बघून बऱ्याच जणांना ते पटत नाही. कोणी मला शिंगरू समजते, कोणी मोठे कुत्रे. एकदा एक गृहस्थ कुंपणापाशी थांबून आपल्या बायकोला म्हणाले, "मोठा झाला की पुन्हा बघायला येऊ." तेव्हा मी एकवीस वर्षांचा होतो.

मी बुटक्या जातीचा आहे. माझी पाठ उभ्या माणसाच्या कमरेला लागते, त्याहून वर ती कधी गेली नाही. आता मला सत्ताविसावे वर्ष चालू आहे. दात झिजले आहेत, दाणा भिजवून द्यावा लागतो. माझे नाव बटण. माझ्यासोबत एक घोडी आहे, तिचे नाव काज. ही नावे शिवणकाम करणाऱ्या बाईने ठेवली, हे तुम्ही ओळखले असेल. त्याआधी आमची दुसरी काही नावे होती. ती आता मला आठवत नाहीत.

आमची उमेदीची वर्षे एका फोटोग्राफरकडे गेली. त्याच्या स्टुडिओत मागच्या भिंतीवर डोंगर आणि ढग रंगवलेले होते. त्या डोंगरापुढे आम्हाला उभे करायचे, पाठीवर एखादे लहान मूल बसवायचे, मुलाला जरीचा झगा आणि पिसाची टोपी घालायची आणि फोटो काढायचा. माझे कौतुक एकाच गोष्टीसाठी होत असे. मी हलत नसे. मूल रडले, आयाळ ओढली, दिवा भपकन पेटला, तरी मी खांबासारखा उभा. फोटोग्राफर लोकांना सांगायचा, "मुलाची हमी देत नाही, घोड्याची देतो." त्या गावातल्या कितीतरी घरांच्या भिंतींवर आजही मी असेन. खाली मी आणि वर कोणीतरी रडवेले.

पावसाचा थेंब पडला की फोटोग्राफर आम्हाला घाईने आत घेऊन दार लावून टाकायचा. ओला घोडा फोटोत केविलवाणा दिसतो, असे तो म्हणे. त्यामुळे आठ वर्षे मी पाऊस फक्त ऐकला. ढग पाहिले ते भिंतीवरचे, आणि ते एकाच जागी असायचे.

मग प्रत्येकाच्या खिशात कॅमेरा आला. स्टुडिओत माणसे यायची बंद झाली. आधी आमचा खरारा चुकू लागला, मग कधी कधी दाणा. काजच्या आयाळीत इतक्या गाठी झाल्या की तिला मान वळवताना ओढ बसे. फोटोग्राफर मनाने वाईट नव्हता. तो खुर्चीवर बसून भिंतीवरच्या डोंगराकडे बघत राहायचा, आणि आम्ही त्याच्याकडे.

त्याच्यासाठी झगे आणि टोप्या शिवणारी एक बाई होती. स्टुडिओ बंद व्हायच्या सुमारास ती उरलेले कपडे न्यायला आली. गळ्यात मोजपट्टी, ओठांत टाचणी. तिने आम्हाला पाहिले, टाचणी काढून पदराला लावली आणि विचारले, "ह्यांचं काय?"

"बघू. कोणी नेलं तर," फोटोग्राफर म्हणाला.

"कोणी म्हणजे कोण?"

त्याने भिंतीवरच्या डोंगराकडे पाहिले.

"आमच्या मागं जागा आहे," ती म्हणाली. दोऱ्या शोधायलाही ती थांबली नाही. झग्यांचे दोन कमरपट्टे तिने आमच्या गळ्यात बांधले आणि भर रस्त्यातून आम्हाला घरी घेऊन गेली.

तिचे घर रस्त्याच्या टोकाला होते. पुढच्या खोलीत तिचे शिलाई मशीन, बाजूला नवऱ्याची सुतारकामाची जागा, मागे कुंपण घातलेला गवताचा तुकडा. नवरा हातात रंधा घेऊन दारात आला.

"हे काय?"

"घोडे."

"ते दिसतंय."

"मग विचारलंत कशाला?"

"किती दिवस राहणार आहेत?"

"मी आले तेव्हा विचारलं होतंत का?"

सुतार रंधा काखेत मारून आत गेला. दुसऱ्या दिवशी त्याने आमचे माप घेतले. त्यांची मुलगी लग्न होऊन दुसऱ्या गावी होती. ती आली की एकीला आई म्हणायची आणि दुसऱ्याला बाबा. आम्हीही मनातल्या मनात तेच म्हणू लागलो.

बाबांनी आमच्यासाठी तीन दिवसांत गोठा उभा केला. साध्या जनावरांच्या गोठ्याला कोणी इतके काम करत नाही. फळीला फळी अशी बसवली होती की मधून वाऱ्याची फुंकर येणार नाही. वर पत्रा, खाली उंचवटा, दाराला आडवा अडसर. ते काम बघायला शेजारपाजारचे आले होते. "माणसांनी राहावं असं झालंय," एक जण म्हणाला. बाबा खुशीत होते.

चारच दिवसांनी पाऊस आला. आई मागच्या दारात आली. तिने गोठ्याचे दार सताड उघडले आणि आम्हाला म्हणाली, "आत बसायचं तर आत बसा, बाहेर राहायचं तर बाहेर राहा. तुमचं तुम्ही बघा."

मित्रांनो, असे आम्हाला तोवर कोणी म्हटले नव्हते. आम्ही दोघे दारात उभे राहून विचार करत होतो. मग काज पुढे झाली. तिच्यामागून मी. कुंपणाच्या कोपऱ्यात वाऱ्याकडे शेपट्या करून आम्ही उभे राहिलो आणि पाऊस आमच्यावर पडू दिला. खरे ढग चालतात, हे मी त्या दिवशी पाहिले.

बाबा खिडकीतून बघत होते. त्यांचा चेहरा उतरला. "माझ्या कामात काय खोट आहे?"

"काही खोट नाही. त्यांना आवडतंय."

"वेडे आहेत."

"असतील. घरात एकटं वाटणार नाही तुम्हाला."

मग तीच बाहेर आली. उरलेल्या तुकड्यांतून तिने स्वतःसाठी एक रेनकोट शिवला होता, एक बाही निळी आणि एक पिवळी. ती आम्हा दोघांच्या मधे येऊन उभी राहिली. माझ्या मानेवरच्या केसांत तिने बोटे खुपसली आणि ओरडली, "अहो, वरून चिंब आहेत, पण आत कातडी कोरडी ठाक. हात घालून बघा."

"इथून दिसतंय मला."

"या तरी."

"नको. लाकूड आणि सुतार, दोन्ही ओलीत फुगतात."

हे त्यांचे ठरलेले उत्तर झाले. पुढची अकरा वर्षे ते खिडकीत आणि ती पावसात, असाच कार्यक्रम चालायचा.

आता मी तुम्हाला एक गोष्ट सांगतो, जी आमच्याखेरीज कोणाच्या लक्षात आली नव्हती. उन्हाच्या दिवशी आईला मान वर करायला फुरसत नसे. सकाळपासून मशीनची घरघर चालायची. दाणा-पाणी ती वेळेवर द्यायची, पाठीवर एक थाप मारायची आणि परत फिरायची. पण आभाळ भरून आले की खोलीत अंधार होई, सुईत दोरा ओवता येत नसे, गिऱ्हाईक फिरकत नसे. मशीन थांबायचे. मग मागच्या दाराची कडी वाजायची आणि निळी-पिवळी बाही बाहेर यायची. पाऊस असेल, गारठा असेल, सोसाट्याचा वारा असेल, ती तासभर आमच्यात उभी राहायची आणि बोलायची. कोणाच्या बाहीचे माप चुकले, मुलीचे पत्र का आले नाही, बाबा खोकला लपवतात. लोकांसाठी जे वाईट हवामान, ते आमच्यासाठी ती येण्याचे हवामान होते. म्हणून आम्ही बाहेर उभे राहत होतो.

रस्त्याने जाणारे ओरडायचे, "ओ बाई, घोडे भिजतायत तुमचे!"

"छत्री देऊन बघितली," आई सांगायची, "धरत नाहीत."

मग आई आजारी पडली. तिचा पलंग मागच्या खिडकीशी हलवला, म्हणजे तिला आम्ही दिसू आणि आम्हाला ती. बाबांनी पलंगाचे पाय चार बोटे उंच करून दिले. त्या दिवसांत मशीन बंदच असे. एका दुपारी मी खिडकीखाली चरत होतो. आई थांबून थांबून बोलत होती.

"अहो."

"हं."

"पाऊस लागला की त्यांना सोडू नका हं."

"नाही सोडणार."

"नक्की?"

"सांगितलं ना, नाही सोडणार. झोप आता."

ती गेली तेव्हा कडक ऊन होते. घरात माणसे आली, चार दिवस राहिली, गेली. मुलगीही आपल्या गावी परतली, तिची मुले शाळेत होती. मशीनवर चादर पडली. बाबा वेळेवर दाणा भिजवायचे, वेळेवर पाणी भरायचे आणि आमच्याशी एक शब्द न बोलता कामाला लागायचे.

तुम्हाला वाटेल, आम्ही खूप दुःख केले असेल. तसे नाही, खरे ते सांगतो. आम्हाला वाटले, ऊन आहे, ती कामात असेल. आम्ही आभाळाकडे बघत दिवस काढत होतो.

शेवटी एका सकाळी वारा फिरला. काजने नाक वर केले. ढग आले, अंधारून आले. आम्ही म्हातारी दोघे शिंगरासारखी धावत आमच्या कोपऱ्यात गेलो आणि मागच्या दाराकडे तोंड करून उभे राहिलो. पहिले थेंब पडले. कडी वाजली.

बाबा आले. पळत आले, डोक्यावर फळीचा तुकडा धरून. त्यांनी आम्हाला ढकलत, ओढत गोठ्यात नेले आणि दार लावून अडसर घातला.

"आत बसायचं," ते बाहेरून म्हणाले. "तिनं सांगितलंय. शब्द दिलाय मी."

मित्रांनो, तो गोठा उत्तम होता. थेंबभर पाणी आत आले नाही. पण पत्र्यावर पाऊस वाजत होता आणि आमच्या मनात एकच गोष्ट होती. ती बाहेर आली असेल. कोपऱ्यात एकटी उभी असेल आणि म्हणत असेल, कुठं गेले हे दोघं? काजने दाराला लाथ मारली. मग आणखी एक. बाबांचे काम पक्के होते, फळी हलली नाही. काजचा खूर तेवढा फुटला.

त्या वर्षी हवामान सतत बिघडत राहिले. आभाळ भरले की बाबा यायचे, अडसर घालायचे. काजचा खूर बांधायचे, ती फुटलेल्या पायाने पुन्हा लाथ मारायची. "का गं अशी करतेस?" ते विचारायचे. "तिच्या शब्दाखातर तरी." मी स्टुडिओत शिकलेले तेवढेच करत होतो. हलत नव्हतो.

एके दिवशी काजने दाणा सोडला. मग गवतही.

जनावरांची डॉक्टर आली. तरुण बाई होती, रबरी बूट घातलेली. तिने काजच्या हिरड्या पाहिल्या, पोटाला कान लावला. "काका, मोठा घोडा चार दिवस उपाशी राहील. ह्या बुटक्यांना उपास झेपत नाही, रक्त बिघडतं. आज सुई देते. उद्यापर्यंत हिनं तोंड लावलं पाहिजे."

"आणि नाही लावलं तर?"

"तर मग माझ्या हातात फार काही राहत नाही." तिने दाराच्या आतल्या बाजूच्या खुरांच्या खुणा पाहिल्या. "हिला काय हवंय बाहेर?"

"काही नाही बाहेर. पाऊस आहे."

डॉक्टर गेली. बाबांनी मुलीला फोन केला, आणि ती दुसऱ्या दिवशी सकाळी पोचली. तिने बाबांची दाढी पाहिली, न धुतलेली भांडी पाहिली आणि गोठ्याशी येऊन उभी राहिली. काजने अजून तोंड लावले नव्हते. बाहेर भुरभुर चालू होती. आम्ही आत होतो, अडसर घातलेला होता, आणि दोघांचे बोलणे आम्हाला फळीपलीकडून ऐकू येत होते.

"बाबा, माझ्या ओळखीचं एक ठिकाण आहे. बरीच जनावरं आहेत, बघायला माणसं आहेत. बटणला तिथं ठेवू. आणि काज..." ती थांबली. "काजचं डॉक्टर बघेल. तुम्ही माझ्याकडे चला."

"तुझ्या आईला शब्द दिलाय."

"आई असती तर तिनं हे चालू दिलं असतं?"

"तीच म्हणाली. तूच सांग, मी काय मनचं करतोय? पाऊस लागला की सोडू नका म्हणाली. नाही सोडत मी. एकदाही सोडलं नाही."

मग तिचा आवाज बदलला. "बाबा, मला उद्या परतायला लागेल. मुलांची परीक्षा आहे. पण तुम्हाला असं सोडून मी कशी जाऊ?"

बाबांची पावले फळीशी थांबली.

"बाबा?"

"काय म्हणालीस?"

"म्हटलं, सोडून कशी जाऊ तुम्हाला."

"सोडून," बाबा म्हणाले.

पावसाचा आवाज तेवढा येत होता. मग बाबा हळू आवाजात बोलले, स्वतःशी बोलावे तसे. "बांधून ठेवा, असं नव्हती म्हणत ती."

"कोण?"

"तिला म्हणायचं होतं, पावसात त्यांना एकटं पाडू नका. मी नसेन, तर तुम्ही जा. एवढंच सांगत होती ती. आणि मी अडसर घातला."

अडसर निघाला. दार उघडले. काज उठली, लंगडत बाहेर आली, आणि मी तिच्या अंगाला अंग लावून चाललो. आम्ही आमच्या कोपऱ्यात गेलो. मागच्या दाराकडे बघितले. दार उघडेच होते. आत पलंग दिसत होता, त्यावर घडी घातलेली चादर.

बाबा आमच्या मागून आले. डोक्यावर काही नव्हते.

"बाबा, छत्री तरी!" मुलगी ओरडली.

ते थांबले नाहीत. आम्हा दोघांच्या मधे शिरले आणि उभे राहिले. त्यांना तिथे उभे राहायची सवय नव्हती. वाऱ्याकडे तोंड करून उभे होते, सगळे पाणी तोंडावर येत होते. काही वेळाने आमच्याकडे बघून त्यांनी पाठ फिरवली. हात कुठे ठेवावेत हे त्यांना समजत नव्हते. आधी खिशात घातले, मग माझ्या पाठीवर ठेवले.

"काय बोलायची ती तुमच्याशी?" त्यांनी विचारले.

मला बोलता आले असते तर सांगितले असते, जास्त करून तुमच्याबद्दलच. पण घोड्याला काय सांगता येणार? मी कान फिरवला.

मग तेच बोलू लागले. एका कपाटाचे दार वाकले आहे, दोनदा काढून बसवले तरी वाकतेच. घरात मीठ कुठल्या डब्यात आहे ते कालच सापडले. सकाळी दोन कप चहा होतो, सवयीने, मग दुसरा ओतून द्यावा लागतो. तिने आपल्याला कितीदा बोलावले होते, अकरा वर्षे बोलावत होती, आणि आपण खिडकीतून बघत बसलो. हे सांगताना ते थांबले. पावसात माणूस रडतो आहे की नाही हे कळत नाही असे लोक म्हणतात. आम्ही अगदी जवळ होतो. आम्हाला कळले.

आणि त्याच वेळी मला दुसरीही एक गोष्ट कळली. ती येणार नाही. ती येणार असती, तर ते आले नसते. ते खिडकीतच राहिले असते. मी काजकडे पाहिले. तिलाही ते समजले असावे. तिने मागच्या दारावरून नजर काढली, मान खाली केली आणि किती तरी वेळ तशीच राहिली.

मग तिने बाबांच्या बुटाशी असलेले ओले गवत तोडले. चावले. पुन्हा तोडले.

"पोरी," बाबा घराकडे बघून म्हणाले, मोठ्याने नाही, "ये इकडे. खातेय बघ ही."

मुलगी डोक्यावर ओढणी घेऊन आली. दुपारी डॉक्टर आली तेव्हा बाबा, मुलगी आणि आम्ही दोघे कोपऱ्यातच होतो. डॉक्टरने काजच्या हिरड्या पाहिल्या. "आता जमेल," ती म्हणाली. "दार मात्र उघडं ठेवा, काका. आत-बाहेर त्यांचं त्यांना ठरवू द्या."

"अडसर फोडून चुलीत घातला," बाबा म्हणाले. "चांगलं लाकूड होतं, पण असू दे."

मुलगी दुसऱ्या दिवशी एकटीच परत गेली. बाबा तिला पोचवायला बसपर्यंत गेले आणि परत येऊन आम्हाला दाणा भिजवला.

मित्रांनो, ही माझी हकीकत. तुम्ही कधी आमच्या रस्त्याने गेलात आणि वादळवाऱ्यात दोन बुटके घोडे उघड्यावर दिसले, तर आमच्या माणसांना नावे ठेवायच्या आधी एवढे बघा, की मागे गोठा आहे का आणि त्याचे दार उघडे आहे का. दोन्ही असेल तर आम्ही आमच्या मर्जीने उभे आहोत असे समजा. आणि तुमच्या घरात कोणी असे एखाद्या खिडकीशी, एखाद्या पायरीवर बसून राहत असेल, आजी असेल, मांजर असेल, धाकटा भाऊ असेल, तर त्याला लगेच आत ओढू नका. त्याची काळजी घ्यायची असेल, तर जरा वेळ जाऊन शेजारी उभे राहा. काही बोलायला सुचले नाही तरी चालेल. बाबांनाही सुचत नव्हते.

आता पाऊस आला की बाबा येतात. त्यांचा खोकला वाढला आहे, म्हणून मुलीने त्यांना जाड कोट पाठवला आहे. पुष्कळदा ते गप्पच असतात. ती ज्यातून यायची ते मागचे दार आपल्या पाठीमागे येईल असे ते कधी उभे राहत नाहीत. आम्हीही राहत नाही.